फुकटचं पाळणाघर

'पाळणाघर' हा शब्द आमच्या पोंभुर्ण्याकडे फारसा कोणी वापरत नाही. लेकरू आजीजवळ असतं, शेजारणीजवळ असतं, नाहीतर मोठ्या बहिणीच्या कडेवर असतं. नागपूर-पुण्याच्या मैत्रिणी म्हणतात, "तुमच्याकडे बरं आहे गं, गावात मुलं सांभाळायचा प्रश्नच नाही. सगळी घरचीच माणसं असतात." याला एका वाक्यात उत्तर देता येत नाही, म्हणून हे लांबलचक लिहिणं. इतिहासाचा भाग बराच आहे, तेव्हा चहा घेऊन बसा.

पोंभुर्णा ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. चंद्रपूर जिल्ह्यातला हा लहानसा तालुका. वैनगंगेच्या अलीकडे आम्ही, पलीकडे गडचिरोली जिल्हा (१९८२ पर्यंत तोही आमच्यातच होता). धान, जंगल आणि मजुरी यांवर इथलं वर्ष चालतं. मार्च-एप्रिलमध्ये मोहफुलं, मे महिन्यात तेंदूपत्ता, पावसाळ्यात रोवणी, दिवाळीच्या आगेमागे धानकापणी, आणि त्यानंतर बरीच कुटुंबं मिरची तोडायला तेलंगणात. या सगळ्या कामांत बायका पुढे असतात. रोवणी तर जवळजवळ बायकांचीच.

आता यातल्या प्रत्येक कामाला दीड वर्षाचं एक लेकरू जोडून बघा. मोहफुलं वेचायला अंधारातच निघावं लागतं. तेंदूपत्त्याला पहाटे चार-पाचला जंगल गाठायचं, दुपारी घरी येऊन पानांचे पुडे बांधायचे आणि संध्याकाळी फळीवर नेऊन मोजून द्यायचे. आणि आमचं जंगल म्हणजे वाघाचं जंगल. मे २०२५ मध्ये आमच्याच जिल्ह्यात, सिंदेवाही तालुक्यात, तेंदूची पानं तोडायला गेलेल्या तीन बायका एकाच दिवशी वाघाच्या हल्ल्यात गेल्या. अशा जंगलात लेकरू पाठीशी बांधून कोण नेणार? रोवणीत आई दिवसभर चिखलात वाकलेली. अंगावर पिणारं बाळ असेल तर धुऱ्यावर मेणकापडाखाली निजवायचं आणि मध्ये मध्ये बांधीतून वर येऊन पाजायचं. मिरचीला गेलं तर दोन-तीन महिने गावच नाही. अंगणवाडीच्या रजिस्टरवर मुलाचं नाव इथे, आणि मूल खम्मम नाहीतर वारंगलकडच्या कुठल्यातरी शेतात.

आजी असतेच की, असं कोणी म्हणेल. पण हातपाय चालणारी आजी स्वतःच रोवणीला जाते! घरी राहते ती न चालू शकणारी, न दिसणारी आजी. तिच्याजवळ रांगतं मूल ठेवायचं म्हणजे दोघांनाही बघायला तिसरं माणूस लागतं. ते तिसरं माणूस बहुतेक घरांत आठ-दहा वर्षांची मुलगी असते.

आमच्या घरात ती मोठी आत्या होती. साधारण १९५७-५८ सालची गोष्ट. आत्या दुसरीत होती, बाबा वर्षभराचे होते आणि आजी मजुरीला जायची. आत्याची शाळा सुटली. कोणी मुद्दाम काढलं नाही, कोणी बैठक घेऊन ठरवलं नाही. रोवणीपुरती घरी राहिली, मग कापणी आली, मग बाबांच्या पाठचा काका झाला, आणि शाळा राहून गेली ती गेलीच. बाबा पुढे मॅट्रिक झाले, नोकरीला लागले, आम्हाला शिकवलं. आत्या अजून अंगठा लावते. घरातली मंडळी हे वाचतील तेव्हा म्हणतील, यात नवीन काय सांगितलंस? नवीन काही नाही. फक्त हिशेबाच्या वहीत ही रक्कम कधी कोणी लिहिली नाही, एवढंच.

आणि माझा सगळा मुद्दा या हिशेबाचाच आहे. आई कामावर गेली की मूल कोणीतरी सांभाळतंच, आणि त्याची किंमतही कोणीतरी मोजतंच. फुकटचं पाळणाघर कुठेच नसतं. ती किंमत कोण मोजतं, हेच काय ते काळानुसार बदलत गेलं.

सर्वात आधी ती मोजली खुद्द बाळांनी. मुंबईच्या गिरण्यांत बायका दहा-दहा तास काम करायच्या तेव्हा घरी ठेवलेलं बाळ झोपून राहावं म्हणून त्याला अफू द्यायची पद्धत होती. 'बाळागोळी' या गोंडस नावाची ती गोळी. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारने डॉ. बार्न्स नावाच्या डॉक्टरीण बाईंना गिरणीकामगार बायकांची पाहणी करायला नेमलं होतं. त्यांनी नोंदवलेला आकडा अंगावर काटा आणणारा आहे. गिरणीत काम करणाऱ्या बायकांच्या बाळांपैकी ९८ टक्के बाळांना अफू दिली जात होती. या आया निर्दय होत्या का? मुळीच नाही. पाळणाघर नव्हतं, रजा नव्हती, पगाराशिवाय चूल पेटत नव्हती. अफूची गोळी हेच त्यांचं स्वस्तातलं पाळणाघर होतं.

आपल्या नागपुरात एम्प्रेस मिल होती, जमशेटजी टाटांनी १८७७ मध्ये सुरू केलेली. तिथे मात्र कायदा यायच्या आधीच कामगार बायकांच्या मुलांसाठी पाळणाघराची सोय होती. म्हणजे हे करता येत होतं. मालकाला करावंसं वाटलं पाहिजे, एवढाच प्रश्न होता.

वाटण्यावर सोडायचं नाही, ही भूमिका विधिमंडळात मांडणाऱ्यांत डॉ. आंबेडकर होते. १९२८ मध्ये मुंबईच्या कौन्सिलमध्ये बाळंतपणाच्या लाभाचं बिल आलं तेव्हा त्यांनी पाठिंबा दिला, आणि त्यांचा युक्तिवाद आजही वाचण्यासारखा आहे. आईला विश्रांती मिळणं हे देशाच्या हिताचं आहे, म्हणून खरं तर बराचसा भार सरकारने उचलायला हवा, असं ते मान्य करतात. पण पुढे म्हणतात की मालक बायकांना कामावर ठेवतो कारण त्यात त्याचा फायदा आहे, तेव्हा त्यालाही जबाबदारीतून सुटता येणार नाही. थोडक्यात, ज्याला श्रमाचा नफा मिळतो त्याने त्या श्रमामागच्या संसाराचाही थोडा खर्च उचलावा. १९२९ मध्ये मुंबई प्रांतात तो कायदा झाला. दुसऱ्याच वर्षी आपल्या मध्य प्रांतातही तसाच कायदा आला. चांदा जिल्हा तेव्हा मध्य प्रांतात होता.

स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाना कायद्याने पन्नासहून जास्त बायका असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचं केलं. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आला. मळ्यांसाठी १९५१ चा कायदा, खाणींसाठी १९५२ चा, विडी कामगारांसाठी १९६६ चा, बांधकाम मजुरांसाठी १९९६ चा. २०१७ मध्ये बाळंतपणाच्या कायद्यात दुरुस्ती झाली आणि पन्नास किंवा जास्त कर्मचारी असतील तिथे पाळणाघर हवं असं ठरलं. त्यात पुरुषही मोजले जातात, ही चांगली गोष्ट. कारण मूल काही एकट्या आईचं नसतं.

पण या कायद्यांची यादी पोंभुर्ण्याच्या बांधीत उभं राहून वाचा. विडी कामगाराला पाळणाघर कायद्यात आहे. विडीचं पान तोडणारीला नाही! तेंदूपत्ता आमच्या जंगलातला, तोडणारी बाई आमची, आणि कायदा लागू होतो तो पान कारखान्यात पोचल्यावर. रोवणी करणारीला तर मालकच एक नसतो. आज या शेतात, उद्या त्या शेतात, वीस जणींची टोळी एकरी ठेक्याने रोवत जाते. तिथे 'पन्नास कर्मचारी' मोजायचे कोणी?

म्हणजे नफ्याच्या वाटेने येणारं पाळणाघर आमच्यापर्यंत पोचलंच नाही. दुसरी एक वाट होती, शिक्षणाची. ती महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, ठाणे जिल्ह्यात (आता तो भाग पालघर जिल्ह्यात आहे) शोधली गेली. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण ती गोष्ट मला फार आवडते.

ताराबाई मोडक यांचा जन्म १८९२ चा. शिकलेल्या, राजकोटला अध्यापिका विद्यालयाच्या प्राचार्य होत्या. तिथून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्याकडे गेल्या आणि बालशिक्षणाच्या होऊन गेल्या. माँटेसरी बाईंची पद्धत त्यांनी मनापासून स्वीकारली. १९२६ मध्ये नूतन बालशिक्षण संघ स्थापन झाला. पुढे मुंबईत दादरला शिशुविहार काढलं, ते उत्तम चाललं. पण त्यांना एक गोष्ट सलत होती. माँटेसरीची साधनं महाग. त्यामुळे हे शिक्षण पैसेवाल्यांच्या मुलांपुरतं राहत होतं. खेड्यातल्या, गरिबाच्या मुलाला हे देता येईल का, आणि परवडेल अशा खर्चात देता येईल का, हा त्यांचा प्रश्न.

उत्तर शोधायला त्या १९४५ मध्ये बोर्डीला आल्या. तेव्हा त्यांचं वय ५३. सोबत आल्या अनुताई वाघ. अनुताई १९१० च्या, तेराव्या वर्षी लग्न झालेलं आणि काही महिन्यांतच वैधव्य आलेलं. पुढे शिकून शिक्षिका झाल्या आणि पस्तिसाव्या वर्षी ताराबाईंचं बोट धरून बोर्डीला गेल्या त्या कायमच्याच.

बोर्डीत बालवाडी उघडली, पण ज्यांच्यासाठी उघडली ती वस्तीवरची मुलं येईनात. येणार कशी? आई-बाप कामावर, आणायला माणूस नाही, अंगावर धड कपडा नाही. तेव्हा या दोघींनी उलटा विचार केला. मूल बालवाडीत येत नसेल तर बालवाडी मुलाच्या अंगणात न्यायची. वस्तीत जायचं, अंगण झाडायचं, मुलांना आंघोळ घालायची, केस विंचरायचे, नखं कापायची, आणि मग गाणी-गोष्टी-खेळ. महागड्या साधनांच्या जागी शंख, शिंपले, बिया, गारगोट्या, पानं. मोजायला शिकायचं तर चिंचोके काय वाईट? 'अंगणवाडी' हा शब्द इथला आहे. अंगणात भरते ती अंगणवाडी. आज देशभर जो शब्द सरकारी कागदावर आहे तो दोन मराठी बायकांनी झाडलेल्या अंगणातून आला, हे आपल्यालाच बऱ्याचदा माहीत नसतं.

१९५७ मध्ये हे काम कोसबाडच्या टेकडीवर, वारली पाड्यांच्या मधोमध गेलं. आणि तिथे त्यांना आमची आत्या भेटली. म्हणजे आत्यासारख्या कितीतरी मुली. शाळेत न येणाऱ्या मुली. कारण विचारलं तर कडेवर बाळ. शाळा फुकट होती, तरी ती येऊ शकत नव्हती, कारण घरी तिला नोकरी होती, बिनपगारी. मुलांचं कारण वेगळं होतं, ती गुरांमागे जात. मग ताराबाई-अनुताईंनी गुरं राखणाऱ्यांसाठी कुरणातच शाळा भरवली, ती कुरणशाळा. आणि बाळ सांभाळणाऱ्या मुलींसाठी विकासवाडी. एकाच ठिकाणी पाळणाघर, त्याला लागून बालवाडी, त्याला लागून प्राथमिक शाळा. मोठ्या बहिणीने यायचं, कडेवरचं बाळ पाळणाघरात ठेवायचं, मधल्या भावाला बालवाडीत सोडायचं आणि स्वतः वर्गात जाऊन बसायचं. मधल्या सुट्टीत हवं तर बाळाला बघून यायचं.

किती साधी आणि किती अचूक योजना! मुलीच्या शिक्षणाचा प्रश्न तिच्या वर्गात सुटणारा नव्हता, तो पाळणाघरात सुटणार होता. १९५७-५८ मध्ये, आमच्या आत्याची शाळा सुटली त्याच सुमारास, कोसबाडला हे चालू झालं होतं. ठाणे आणि चांदा हे दोन्ही जिल्हे तेव्हा नुकतेच एका मुंबई राज्यात आले होते. राज्य एक, पण टेकडी फार लांब.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. १९७३ मध्ये त्या गेल्या. अनुताईंनी १९९२ पर्यंत, म्हणजे शेवटपर्यंत, काम सांभाळलं.

ताराबाई गेल्या त्यानंतर दोन वर्षांनी, २ ऑक्टोबर १९७५ रोजी, केंद्र सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली. सुरुवातीला देशात ३३ प्रकल्प. आपल्याकडे मेळघाटातलं धारणी त्यांपैकी एक. साधारण हजार वस्तीमागे एक केंद्र, आदिवासी भागात सातशेमागे एक. केंद्राचं नाव अंगणवाडी. सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, गरज पडल्यास दवाखान्यात पाठवणं, आयांना आरोग्य-आहाराची माहिती, आणि शाळापूर्व शिक्षण. २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अन्नाच्या हक्काच्या खटल्यात प्रत्येक वस्तीत अंगणवाडी हवी असा आदेश दिला. २००६ मध्ये तर सहा वर्षांखालची चाळीस मुलं असतील तिथे लोकांनी मागितल्यावर अंगणवाडी दिलीच पाहिजे असं सांगितलं. आज महाराष्ट्रात एक लाखाच्या वर अंगणवाड्या आहेत. याचं मोल कमी करायचं नाही. लसीकरण, वजनं, गरोदर बायकांची नोंद, हे सगळं आमच्या गावांत अंगणवाडीनेच आणलं. आदिवासी भागात २०१५ पासून डॉ. अब्दुल कलाम यांच्या नावाच्या अमृत आहार योजनेत गरोदर आणि स्तनदा मातांना अंगणवाडीत एक वेळचं ताजं जेवण मिळू लागलं, तेही मोठं काम.

पण त्या सहा सेवा पुन्हा वाचा. त्यात 'सांभाळणं' नाही. सरकारने कोसबाडचं नाव घेतलं, बालवाडी घेतली, पाळणाघर मागे राहिलं. तीन वर्षांखालच्या मुलासाठी अंगणवाडीतून मिळतो तो मुख्यतः घरी न्यायचा कोरडा आहार. पाकीट घरी जातं, पण ते भिजवून, शिजवून, दिवसातून चार वेळा थोडं थोडं भरवायला घरी कोण आहे? आई बांधीत. सहा महिने ते तीन वर्षं हेच वय असं की मूल याच काळात हडकतं, आणि याच वयाला अंगणवाडीत जागा नाही. मोठ्या मुलांचंही, आई सकाळी सहाला गेलेली आणि संध्याकाळी सहाला येणार, अंगणवाडी दुपारी बंद. उरलेला वेळ पुन्हा त्या दहा वर्षांच्या मुलीचा.

मग अंगणवाडीची किंमत कोण मोजतं? सरकार थोडी, आणि बाकीची सेविका आणि मदतनीस. १९७५ मध्ये सेविकेचं मानधन महिना १०० रुपये, मॅट्रिक असेल तर १५०. 'पगार' नाही म्हणायचं बरं, 'मानधन'. मान द्यायचा आणि धन जपून. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की त्यांचं पद सरकारी सेवेतलं पद नाही. २०१८ मध्ये केंद्राने आपला वाटा ३,००० वरून ४,५०० रुपये केला, त्यात राज्य आपली भर घालतं. २०२२ मध्ये त्याच न्यायालयाने अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असा निकाल दिला. तरी डिसेंबर २०२३ मध्ये महाराष्ट्रातल्या सेविका आणि मदतनीस संपावर गेल्या त्या जानेवारी संपत येईपर्यंत, पन्नासहून जास्त दिवस. मागणी काय, तर मानधनवाढ, ग्रॅच्युइटी, पेन्शन. त्या दिवसांत काही जण म्हणत होते की मुलांचे हाल होतात. होतात हे खरं. पण मुलांचे हाल होऊ नयेत म्हणून एका बाईने आयुष्यभर कमी पैशात राबायचं, हा हिशेब आमच्या आत्याच्याच हिशेबासारखा नाही का?

या सगळ्यात एक लहानशी गोष्ट मात्र महाराष्ट्राने फार लवकर ओळखली होती, ती रोजगार हमीत. १९७२ च्या दुष्काळाच्या काळात सुरू झालेल्या आणि १९७७ मध्ये कायदा झालेल्या आपल्या रोजगार हमीच्या कामांवर मजूर बायकांची मुलं सांभाळण्याची सोय असावी असं धोरण होतं. २००५ च्या केंद्राच्या कायद्यात तर स्पष्टच लिहिलं होतं. कामावर सहा वर्षांखालची पाच किंवा जास्त मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिला इतरांइतकीच मजुरी द्यायची. 'इतरांइतकीच मजुरी', हे शब्द महत्त्वाचे. माती उचलणं हे काम आणि मूल सांभाळणं हेही काम, असं कायद्याने एकाच हजेरीपटावर मान्य केलं. प्रत्यक्षात किती कामांवर अशी बाई नेमली गेली हा वेगळा विषय. झाडाला बांधलेली झोळी आणि तिला झोका देणारी सात वर्षांची मुलगी, हे चित्र कायद्यानंतरही पाहिलेलं आहे.

आता कोणी म्हणेल, गावातल्या कमी शिकलेल्या बायकांच्या हाती लहान मुलं दिली तर दर्जाचं काय? त्याचं उत्तर नदीच्या पलीकडेच आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने गडचिरोलीच्या ३९ गावांत, गावातल्याच बायकांना शिकवून, नवजात बाळांची घरीच काळजी घ्यायची पद्धत उभी केली. नवजात बालमृत्यूचं प्रमाण हजारी ६२ वरून २५ वर आलं. १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो अभ्यास छापून आला आणि जगाने दखल घेतली. तो विषय पाळणाघराचा नाही, आजारी बाळांचा आहे. पण शिकवलेली, साधनं दिलेली, वारंवार भेट देऊन पाठीशी उभं राहिलेली गावातली बाई काय करू शकते, हे त्यातून कळतं. ताराबाईंनी शंख-शिंपल्यांनी जे दाखवलं तेच हे. दर्जा इमारतीत नसतो, शिकवण्यात आणि पाठबळात असतो.

आमच्या शेजारच्या छत्तीसगडने याला पाळणाघराची जोड दिली. बिलासपूरजवळच्या गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगने जंगलातल्या गावांत तीन वर्षांखालच्या मुलांसाठी 'फुलवारी' चालवल्या. २०१२ च्या सुमारास सरगुजा भागात सरकारनेही फुलवारी सुरू केल्या, त्यात गावातल्या आयाच पाळीपाळीने मुलं बघतात. दिवसभर मूल तिथे, गरम जेवण तिथे, आई निर्धास्त कामावर. धान, मोह, तेंदू, सगळं आमच्यासारखंच असलेला तो भाग.

आणि सरकारी कागदावर आता सोयही आहे. २०१७ पासूनच्या राष्ट्रीय पाळणाघर योजनेत महिन्याचे २६ दिवस, रोज साडेसात तास पाळणाघर चालवायचं ठरलं होतं, आणि दारिद्र्यरेषेखालच्या कुटुंबाला शुल्क महिना फक्त २० रुपये. २०२२ मध्ये तिचं 'पाळणा' असं नव्याने बारसं झालं आणि देशात १७,००० अंगणवाड्यांना पाळणाघर जोडायचं उद्दिष्ट ठरलं. म्हणजे कोसबाडला ६० वर्षांपूर्वी जे एका छपराखाली होतं ते पुन्हा एका छपराखाली आणायचं. उशिरा का होईना, चांगलं आहे. फक्त चौदा लाखांच्या घरात असलेल्या अंगणवाड्यांपैकी सतरा हजार, हे प्रमाण तुम्हीच काढा.

माझा मुलगा नागपूरला पाळणाघरात वाढला. महिन्याच्या महिन्याला पैसे देत होते, पावती घेत होते, वेळेच्या बाबतीत हट्ट धरत होते. मला नोकरी होती म्हणून मला ते जमलं, आणि मला नोकरी लागली ती बाबा शिकले म्हणून. साखळी मागे मागे नेली की शेवटच्या कडीला आत्या सापडते.

पोंभुर्ण्यात बारा महिने तेरा काळ पाळणाघर लगेच होणार नाही, हे मला कळतं. पण आमच्या वर्षाकडे पाहिलं तर अडचणीचे दिवस मोजता येण्यासारखे आहेत. तेंदूचे दोन-तीन आठवडे, रोवणीचा महिना-सव्वा महिना, कापणीचे काही आठवडे. एवढे दिवस जरी अंगणवाडी पहाटेपासून संध्याकाळपर्यंत उघडी राहिली, सेविकेवरच सगळं न लादता गावातल्याच आणखी दोन बायकांना पूर्ण मजुरी देऊन नेमलं, आणि तीन वर्षांखालच्यांना तिथेच शिजवून भरवलं, तर किती मुलींची शाळा वाचेल! जंगलातली बाई लेकराच्या काळजीने घाईघाईत आत शिरणार नाही, तेही आलंच.

गावाकडच्या मंडळींना म्हणूनच एक सांगणं आहे. ग्रामसभेत आपण अंगणवाडीला नवीन इमारत मागतो, टाइल्स मागतो, भिंतीवर चित्रं मागतो. मागावीतच. पण पुढच्या सभेत एवढं विचारा की रोवणीच्या दिवसांत ती किती वाजता उघडणार आणि किती वाजता बंद होणार. आणि त्या जादा तासांची मजुरी कोणाच्या नावावर लागणार, तेही तिथेच लिहून घ्या.